बोटांना माहीत असलेला पासवर्ड

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी चिंगकाकांनी देवळाच्या कचेरीतला लॅपटॉप उघडला, चहाचा झाकणवाला पेला डाव्या हाताशी ठेवला आणि चौदा वर्षं ज्या बोटांनी पासवर्ड टाकला होता त्याच बोटांनी तो टाकला. लॅपटॉप म्हणाला, पासवर्ड चुकीचा आहे.

त्यांनी पुन्हा टाकला. लॅपटॉपने पुन्हा तेच सांगितलं, त्याच शब्दांत, आवाज न चढवता.

तिसऱ्यांदा टाकण्याआधी त्यांच्या हातून एक चूक झाली. त्यांनी विचार केला. आपला पासवर्ड नेमका काय आहे, असं त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि आतून कुणीही ओ दिली नाही. खरं सांगायचं तर तो त्यांना कधी माहीतच नव्हता. माहीत होता तो बोटांना. चौदा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी त्यांनी तो ठरवला असेल, महिनाभर लक्षात ठेवला असेल आणि मग बोटांच्या हवाली करून स्वतः मोकळे झाले असतील. नऊ अक्षरं होती, बहुतेक उजव्या हाताची, शेवटी डाव्या करंगळीला थोडं ताणावं लागायचं. याहून जास्त माहिती त्यांच्या डोक्याकडे नव्हती.

को चिंग-श्यांग हे त्यांचं पूर्ण नाव. तैवानमधल्या युनलिनच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात माणसांपेक्षा शिंपल्यांची तळी जास्त आहेत आणि तळ्यांपेक्षा वारा जास्त. गावात वांगये देवाचं देऊळ आहे आणि देवळात चिंगकाका कारकून. त्यांच्याकडे मुख्य काम दिव्यांचं. गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर बोटाएवढे दिवे ओळीने लावलेले, प्रत्येक दिव्याखाली एक नाव. एक हजार सातशे त्रेचाळीस नावं. प्रत्येकाचा पत्ता, चांद्र पंचांगाप्रमाणे जन्मतिथी आणि जन्मवेळ. हे सगळं लॅपटॉपमध्ये. वर्षातून एकदा, देवाच्या दिवशी, ताओ पुजारी ही सगळी नावं कर्ण्यावरून मोठ्याने वाचतात. साडेतीन तास लागतात. वाचून झालं की यादी भट्टीत जाळतात, म्हणजे ती धुरावाटे वरच्या कचेरीत पोचते. तशा चौदा वर्षांच्या चौदा प्रती वर पोचलेल्या होत्या. खाली एकही नव्हती.

यंदाचा देवाचा दिवस येत्या शनिवारी होता. कठीण नावांचे उच्चार आधी बघून ठेवायचे म्हणून पुजाऱ्यांना यादी गुरुवारी संध्याकाळपर्यंत लागे, पिवळ्या कागदावर छापलेली.

नवा लॅपटॉप का घेतला नाही, हा प्रश्न दर वर्षी निघायचा. त्याचं उत्तर असं की दिव्यांचा प्रोग्रॅम ताइचुंगच्या ज्या माणसाने बनवला त्याने पुढे तो धंदा सोडून पपईच्या दुधाचं दुकान टाकलं, आणि पिवळा कागद ओढणारा करकरता जुना प्रिंटर या एकाच लॅपटॉपचं ऐकतो. दूध चांगलं असतं म्हणे.

पण चिंगकाकांना घाम फुटला तो यादीमुळे नव्हे.

त्यांचा थोरला भाऊ चिंग-फू. त्रेसष्टाव्या वर्षी एकदा तो टपाल कार्यालयाच्या एटीएमसमोर वीस मिनिटं उभा राहिला, कारण त्याला आकडे आठवेनात. मग हसला. रांगेतले लोकही हसले. घरी येऊन त्याने ही गंमत सगळ्यांना सांगितली, आणि तासाभराने पुन्हा सांगितली. दोन वर्षांनी तो रोज दुपारी शेजाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन बसू लागला, वाढलेलं जेवू लागला आणि मीठ कमी आहे म्हणून तक्रार करू लागला. शेजारी भले, त्यांनी महिनाभर मीठ वाढवून पाहिलं. आता तो तालुक्याच्या गावी वृद्धांच्या निवासात असतो आणि चिंगकाकांना डॉक्टर म्हणतो. चिंगकाका दर रविवारी त्याची नाडी बघून येतात, कारण नाही बघितली तर तो चिडतो.

चिंगकाका एकोणसाठ वर्षांचे होते. त्यामुळे सोमवारी आठ वाजून पंधरा मिनिटांनी त्यांच्यासमोर जो प्रश्न होता तो पासवर्डचा नव्हता. चुकतंय ते यंत्र की मी, एवढाच तो प्रश्न होता.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. एक वही घेतली आणि सुचेल तो पासवर्ड टाकून बघायचा, टाकला की वहीत लिहायचा, म्हणजे तोच पुन्हा टाकला जाणार नाही, अशी पद्धत बसवली. बायकोची जन्मतिथी, स्कूटरचा नंबर, देवाचं नाव उलटं, सुलटं, मधून. कुणी दिव्याची चौकशी करायला आलं की ते म्हणायचे, आज यंत्र जरा हळू आहे, उद्या या. मंगळवार संध्याकाळपर्यंत वहीत दोनशे सहा पासवर्ड झाले. बुधवारी सकाळी त्यांनी वही पहिल्यापासून वाचली तेव्हा दिसलं की त्यातले चौतीस दोनदा लिहिले होते. एक चार वेळा होता.

त्यांनी वही मिटली आणि पेल्यातला कालचा चहा प्यायला.

बुधवारी दुपारी देवस्थानचे अध्यक्ष श्याव थिएन-त्साय आले. सत्तरीचे, शिंपल्यांचे व्यापारी, आयुष्यभर पंपांच्या आवाजावर ओरडून बोलल्यामुळे त्यांना हळू बोलणं जमत नसे. प्रिंटरची करकर का ऐकू येत नाही, असं त्यांनी अंगणातूनच विचारलं. चिंगकाका म्हणाले, लॅपटॉप आत घेत नाहीये. विसरलो, असं म्हणाले नाहीत. अध्यक्षांनी लॅपटॉपकडे बराच वेळ पाहिलं, जणू एखादा मुनीम कामावर यायला नाही म्हणतोय.

"देवाकडे चौदा प्रती आहेत ना?" ते शेवटी म्हणाले. "मग देवालाच विचारू."

चिंगकाकांना वाटलं, गंमत करतायत. अध्यक्ष तोपर्यंत लॅपटॉप बगलेत मारून गाभाऱ्याकडे निघाले होते.

नैवेद्याच्या टेबलावर अननस आणि तांदळाची दारू यांच्या मधोमध लॅपटॉप ठेवला गेला, तोंड देवाकडे करून. अध्यक्षांनी कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी हातात घेतल्या. एक उताणी आणि एक पालथी पडली तर देवाचं हो. दोन्ही पालथ्या, तर नाही. दोन्ही उताण्या पडल्या तर देव हसतोय, म्हणजे उत्तर नाहीच. एरवी मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीन हो लागतात. अध्यक्षांनी आधी देवाकडे तेवढीच सवलत मागितली, वेळ कमी आहे, एका होवर भागवू द्यावं. चंद्रकोरी पडल्या. देवाने सवलत दिली.

मग त्यांनी विचारलं, अक्षरं किती. आठ का? नाही. नऊ का? हो.

नऊचं चिंगकाकांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

अध्यक्षांना इंग्रजी अक्षरांचा क्रम येत नव्हता, म्हणून त्यांनी देवाला कळफलकाच्या ओळी विचारल्या. पहिलं अक्षर वरच्या ओळीत आहे का महाराज? मधल्या? बरं, मधल्या ओळीत उजवीकडे की डावीकडे? एकेका अक्षराला सात-आठ कौल लागत होते. मागे एक म्हातारी सुनेच्या बाळंतपणाचं विचारायला थांबली होती. तिने पाऊण तासाने सौम्यपणे विचारलं की तुमचं अजून किती आहे, कारण तिकडे कळा सुरू झाल्यात. अध्यक्षांनी तिला पाचव्या आणि सहाव्या अक्षराच्या मधे घुसू दिलं. सुनेला मुलगा होणार असं निघालं, ती गेली, हे पुन्हा सुरू झाले.

सव्वा तासाने नऊ अक्षरं मिळाली. अध्यक्षांनी हात धुतले, चिंगकाकांनाही धुवायला लावले. चिंगकाकांनी एकेक कळ दाबली. पासवर्ड चुकीचा आहे.

"कॅपिटल विचारायचं राहिलं," अध्यक्ष म्हणाले.

ते विचारलं तेव्हा चंद्रकोरी दोन्ही उताण्या पडल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा उताण्या. तिसऱ्यांदा तर एक चंद्रकोर बराच वेळ डुलत राहिली, जणू देवाला हसू आवरत नव्हतं. अध्यक्षांचं मत पडलं की हसणं म्हणजे नकार नव्हे. पण लॅपटॉप त्यांनी परत चिंगकाकांच्या हातात दिला आणि एरवीपेक्षा बऱ्याच खालच्या आवाजात म्हणाले, उद्या वू पेइ-शानकडे घेऊन जा.

वू पेइ-शानचं दुकान मच्छीमार सोसायटीला लागून आहे. पाटीवर मोबाइल, लॅपटॉप आणि तळ्यात हवा घुसळणाऱ्या पाणचक्क्या, तिन्हींची दुरुस्ती लिहिलेली. बाई चौतिशीची, बाही कायम कोपराच्या वर. गुरुवारी सकाळी चिंगकाका गेले तेव्हा ती एका पाणचक्कीच्या पेटीतून शेवाळ काढत होती. तिने हात पुसले, लॅपटॉप उघडला आणि सांगितलं की दहा मिनिटांचं काम आहे. पासवर्ड उडवून टाकते, यादी आहे तशी राहील.

"उडवू नकोस," चिंगकाका म्हणाले.

ती थांबली. आत काही खाजगी आहे का, हे कसं विचारावं याचा ती विचार करतेय हे तिच्या तोंडावर दिसत होतं. चिंगकाकांनी घाईघाईने सांगितलं की तसं काही नाही, आत फक्त नावं आहेत.

"मग?"

"आधी मला सांग, चूक त्याची की माझी."

"काका, यादी मिळाल्याशी मतलब. चूक कुणाची का असेना."

"पुजाऱ्यांचं भागेल यादीवर. माझं नाही भागत."

पेइ-शानने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चिंग-फूची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. त्याच्या गावातल्या शेवटच्या वर्षी तिने त्याचा एकच मोबाइल पाच वेळा दुरुस्त केला होता आणि त्यात एकदाही बिघाड नव्हता. तिने स्टूल पुढे सरकवलं आणि लॅपटॉपकडे वळली.

आधी तिने कळा एकेक करून दाबून पाहिल्या, कुठली अडकते का ते. अडकत नव्हत्या. मग तिने पासवर्डाची चौकट सोडून वरच्या नावाच्या चौकटीत लिहायला घेतलं, कारण तिथे ठिपके न दिसता खरी अक्षरं दिसतात. तिने दोन-चार कळा दाबल्या आणि भुवया वर केल्या.

"काका, इकडे या. हे के दाबलं. काय उमटलं?"

चिंगकाका वाकले. दोन उमटला होता.

"आता एल." तीन उमटला. यू दाबलं तर चार. डाव्या हाताच्या कळा नीट होत्या, उजव्या हाताच्या आकडे बोलत होत्या. ती म्हणाली, जुन्या लॅपटॉपला आकड्यांचा वेगळा भाग नसतो, म्हणून उजवीकडची काही अक्षरंच आकड्यांचं काम करतात. कोपऱ्यात बारीक निळे आकडे असतात ते त्याचेच. वर एक कळ आहे, ती दाबली गेली की ही अदलाबदल सुरू होते, पुन्हा दाबेपर्यंत राहते. पासवर्डाच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे कळायला मार्ग नाही. तुम्ही खरा पासवर्ड शंभरदा टाकला असता तरी त्याने शंभरदा नाहीच म्हटलं असतं. देवाने टाकला असता तरी.

देवाचा विषय चिंगकाकांनी काढला नाही.

तिने विचारलं, या कळांवर काही जड ठेवलं होतं का रविवारी-बिविवारी. चिंगकाका म्हणाले, छे. मग आठवलं. जड नव्हे, हलकंच.

गावात यंत्र म्हटलं की त्याच्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पिशवी ठेवतात. त्या खाऊच्या नावाचा अर्थच गुणी बाळ. पिशवी जवळ असली की यंत्र गुण्यागोविंदाने चालतं. पण ती हिरवीच हवी, फोडलेली नको आणि तिच्यावरची तारीख उलटलेली नको. पेइ-शानच्या स्वतःच्या दुकानात सात होत्या. देवळाच्या लॅपटॉपच्या पिशवीची तारीख मागच्या महिन्यात उलटली होती, ते रविवारी संध्याकाळी अध्यक्षांच्या लक्षात आलं. त्यांनी जाऊन नवी आणली, घरगुती आकाराची नव्हे, सणासुदीची मोठी. शेजारी मावेना, म्हणून चालू लॅपटॉपच्या कळांवरच ठेवली, आणि नीट बसावी म्हणून वरून दोन्ही हातांनी दाबली. रात्री चिंगकाकांनीच ती उचलून प्रिंटरवर ठेवली आणि लॅपटॉप मिटला.

पेइ-शान हसली नाही. ओठ आवळून तिने ती वरची कळ दाबली, के दाबून पाहिलं. के उमटला.

"म्हणजे सोमवारी माझी बोटं बरोबर होती," चिंगकाका म्हणाले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

"बरोबरच असणार. आता टाका, मी बघत नाही." ती पाठ फिरवून पाणचक्कीच्या पेटीशी गेली.

चिंगकाकांनी बोटं कळांवर ठेवली. बोटं निघाली, चार-पाच पावलं टाकली आणि मधेच थांबली, चौकात दिवा गेल्यावर गाड्या थांबतात तशी. पासवर्ड चुकीचा आहे. त्यांनी हात झटकले, पुन्हा ठेवले. या वेळी स्कूटरचा नंबर उमटला असावा. तिसऱ्या वेळी मधे कुठेतरी कालची, देवाने सांगितलेली अक्षरं घुसली. तीन दिवसांत त्या बोटांनी दोनशेवर पासवर्ड टाकले होते, आणि आता आत इतकी गर्दी होती की मूळचा कुठे उभा आहे ते दिसेना.

पेइ-शानने उपाय केले. म्हणाली, विचार करू नका, माझ्याशी बोला. यंदा शिंपले कसे आहेत? चिंगकाकांनी शिंपल्यांविषयी सांगता सांगता टाकला. चुकला. तिने पेल्यात चहा करून डाव्या हाताशी ठेवला. तिने विचारलं, कचेरीत खुर्ची किती उंच आहे, आणि स्टुलाखाली पाणचक्कीची दोन पाती सरकवली. चिंगकाका त्या डुगडुगत्या स्टुलावर, समोर चहा, तोंडाने शिंपल्यांचं गाऱ्हाणं सांगत, डोळे मिटून टाकत राहिले. बाहेरून एक गिऱ्हाईक डोकावलं आणि नंतर येतो म्हणून निघून गेलं.

अकरा वेळा झालं. मग त्यांनी स्वतःच हात मांडीवर घेतले.

"उडव," ते म्हणाले.

"काका, तीन दिवस भलते-भलते पासवर्ड घोटले तर कुणीही विसरेल."

"तू विसरली असतीस?"

पेइ-शानला लगेच हो म्हणता आलं असतं. तिने विचार केला, आणि तेवढ्यात उशीर झाला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

तिने एक पेन ड्राइव्ह लावला, काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप केलं. दहा नव्हे, सात मिनिटं लागली. लॅपटॉप उघडला. पडद्यावर देवाच्या मिरवणुकीतल्या बोटीचा तोच फोटो होता, यादी होती, सगळं जागच्या जागी होतं, आणि आत यायला कुणाला काही विचारलं जात नव्हतं. ती म्हणाली, पासवर्ड नंतर निवांत ठरवा. अध्यक्षांना मी फोन करते. बिघाड पिशवीने झाला, कळ बंद केली, लॅपटॉप उघडला. यातलं काही खोटं नाही.

चिंगकाकांनी मान हलवली. खोटं त्यात काहीच नव्हतं.

ते देवळात पोचले तोवर बातमी आधी पोचली होती. अध्यक्ष अंगणात उभं राहून सांगत होते, आणि त्यांचा आवाज पाहता तळ्यांपर्यंत सगळ्यांनाच सांगत होते, की चिंगचं डोकं अगदी शाबूत आहे, दोष माझ्या पिशवीचा. पिशवीलाही त्यांनी फार बोल लावला नाही. मोठी आणली ना, म्हणाले, जरा जास्तच गुणी निघाली. यंत्राला म्हणाली, कुणालाच आत सोडू नकोस. लोक हसले. एक-दोघांनी चिंगकाकांची पाठ थोपटली. बुधवारच्या म्हातारीला नात झाली होती, पण त्या गर्दीत ते कुणी मनावर घेतलं नाही.

चिंगकाका कचेरीत गेले, दार लोटलं आणि प्रिंटरला पिवळा कागद लावला. छापण्याआधी यादी एकदा डोळ्यांखालून घालायची, हा त्यांचा शिरस्ता. आधी घरच्या सुखशांतीचे दिवे. ते वाचत गेले आणि मधे मधे पडद्यावर हात ठेवून स्वतःची परीक्षा घेत गेले. ल्यू कुटुंब, तळ्यापलीकडचं: थोरला वाघाच्या वर्षातला, पहाटेचा, धाकटी सशाच्या वर्षातली. हात काढून बघितलं. बरोबर. दुसरं घर बरोबर, तिसरं बरोबर. शंभर नावं झाली तेव्हा त्यांच्या मनात पपईचं दूध पिऊन यावं असं आलं. एवढं सगळं ज्याला पाठ आहे त्याला काय धाड भरलीय?

शेवटचा भाग अभ्यासाच्या दिव्यांचा. दहावी-बारावीच्या मुलांसाठी आईबाप लावतात तो, डोक्यात शिरलेलं डोक्यात राहावं म्हणून. बासष्ट नावं, बहुतेक सोळा-सतरा वर्षांची. एकदा लावलेला दिवा बंद करायला सहसा कुणी येत नाही, त्यामुळे काही नावं नोकरीला लागून पोरंबाळं झाली तरी तिथेच असतात. चिंगकाका त्यावरून भरभर खाली गेले आणि एक्केचाळीसाव्या ओळीवर थांबले.

को चिंग-श्यांग. नोंदीच्या वेळचं वय अठ्ठावन्न. पत्ता त्यांचाच, जन्मवेळ त्यांचीच. नोंद गेल्या वर्षी चौथ्या महिन्यातली, दुपारी तीन वाजून बारा मिनिटांची. नोंद करणाराही तोच, को चिंग-श्यांग.

त्यांनी ती ओळ तीन-चार वेळा वाचली. गेल्या वर्षीचा चौथा महिना आठवून पाहिला. दुपार आठवून पाहिली. आपण या खुर्चीवर बसलोय, घाबरलोय, इकडेतिकडे बघून स्वतःच्या नावाने शाळकरी पोरांचा दिवा लावतोय, असं काहीतरी कुठेतरी असायला हवं होतं. नव्हतं. म्हणजे ही भीती नवी नव्हती. ती गेल्या वर्षी त्यांना वाटून गेली होती, त्यांनी तिचा बंदोबस्तही केला होता, आणि मग ती भीतीच ते विसरले होते.

ते उठून गाभाऱ्यात गेले. उजव्या भिंतीवर, वरून सातव्या ओळीत, दिवा होता. लागलेला होता. काच लख्ख होती. ती दर सोमवारी कोण पुसतं ते त्यांना माहीत होतं, कारण भिंतीवरच्या सगळ्याच काचा दर सोमवारी तेच पुसत.

परत येऊन त्यांनी त्या ओळीवर खूण आणली आणि बोट खोडायच्या कळेवर ठेवलं. शनिवारी कर्ण्यावरून सगळ्या गावासमोर पुजारी वाचणार, अभ्यासाचा दिवा, को चिंग-श्यांग, वय एकोणसाठ. एका कळेचं काम होतं. मग त्यांच्या ध्यानात आलं की हे गेल्या वर्षीही वाचलं गेलं असणार. पुजाऱ्यांच्या शेजारी उभं राहून एकेक पान त्यांच्या हातात द्यायचं काम त्यांचंच असतं. ते पानही त्यांनीच दिलं असणार.

तेवढ्यात अध्यक्ष दार ढकलून आत आले, हातात शिंपल्यांच्या सूपचे दोन डबे. पिशवीची भरपाई, म्हणाले. एक डबा त्यांनी लॅपटॉपशेजारी ठेवला, मग विचार करून लांब ठेवला. प्रिंटर अजून गप्प का, असं विचारत होते, तर चिंगकाका मधेच म्हणाले,

"अध्यक्ष, गेल्या वर्षी नावं वाचताना तुम्ही पुढेच उभे होता ना?"

"साडेतीन तास. गुडघे अजून बोलतायत."

"माझं नाव ऐकलंत?"

अध्यक्षांनी डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं.

"सगळ्यांनीच ऐकलं," ते म्हणाले. कर्णा बंद पडावा तसा त्यांचा आवाज लहान झाला होता. "अभ्यासाच्या दिव्यात. आम्हाला वाटलं, तू गुपचूप कसली तरी परीक्षा देतोयस. जमीन दलालाची असेल. हल्ली बरेच देतात. म्हटलं, पास होऊन हा देऊळ सोडून जाणार. म्हणून तर तुला या खोलीत एसी बसवून दिला."

"मला विचारलं नाहीत."

"नापास झाला असतास तर? बरं दिसलं नसतं."

चिंगकाकांनी वर पाहिलं. एसी होता. तो कधी बसवला ते त्यांना आठवत होतं, बसवणाऱ्या माणसाचं नावसुद्धा. त्यांना वाटलेलं, गरमीमुळे.

बाहेर कुणीतरी दिव्याची चौकशी करत होतं, त्याला उद्या या असं कुणीतरी सांगत होतं. चिंगकाकांनी खोडायच्या कळेवरचं बोट उचललं आणि छपाईची कळ दाबली. प्रिंटरने पिवळा कागद ओढायला सुरुवात केली. करकर इतकी मोठी होती की अध्यक्षांना पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजात बोलता आलं.

"मग?" ते ओरडले. "झालास का पास?"

"निकाल लागायचाय अजून," चिंगकाका म्हणाले आणि पहिलं पान फाडून सरळ करू लागले.